राज्यशास्त्र घेऊ का? "आर्टला स्कोप नाही" म्हणणाऱ्या घरातल्या एका मुलीला उत्तर

गंगाखेड तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय. बारावी आर्ट्स झाली, मार्क बरे आहेत, बीएला राज्यशास्त्र मेजर घ्यायचं मनात आहे. घरचे म्हणतात नर्सिंगला जा, आर्टला स्कोप नाही. मामा म्हणतो घे, एमपीएससीला पॉलिटी कामाला येते. इंग्रजी कच्चं आहे त्याची भीती वाटते. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, "मॅडम, तीन वर्षं हे शिकून माणसाला नेमकं येतं काय?"

मी मराठवाड्यात बावीस वर्षं हाच विषय शिकवते आणि ॲडमिशनच्या टेबलावर हा शेवटचा प्रश्न मला फार थोड्या पोरांनी विचारलाय, बाकी सगळे स्कोप विचारतात. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते, बाकीचं मागून.

तुझ्या परभणी जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा येतो. पाऊस कमी झाला की दरवर्षी तेच सुरू होतं, पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी नाही, वर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांत आहे, ते खाली सोडा म्हणून इकडे आंदोलन आणि सोडू नका म्हणून तिकडे आंदोलन. पारावर बसलेला माणूस म्हणतो आपले पुढारी झोपलेत म्हणून पाणी येत नाही. ते पूर्ण खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण राज्यशास्त्राचा विद्यार्थी तिथे थांबत नाही, तो विचारतो की हे पाणी सोडायचं का नाही हे ठरवतं कोण, कोणत्या कायद्याने, आणि त्याने ठरवलेलं नाशिकच्या शेतकऱ्याने का ऐकावं? मग शोधायला लागलं की सापडतं, २००५ चा कायदा आहे, त्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, त्या कायद्यात टंचाई असली तर खोऱ्यातल्या सगळ्यांनी ती वाटून घ्यायची असं तत्त्व आहे, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली साठा असला तर वरून पाणी सोडायचं. ते प्रकरण हायकोर्टात गेलं. कायदा आहे, आदेश आहे, तरी दर दुष्काळात भांडण नव्याने होतं. कामून होतं? वरच्या भागात साखर कारखाने, सहकारी संस्था, आमदार अशी ताकद एका जागी जमलेली आहे आणि कागदावरचा हक्क हातात यायचा तर त्या ताकदीतून वाट काढावी लागते. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३६ मध्येच सांगून ठेवलंय, राजकारण म्हणजे कोणाला काय मिळतं, कधी आणि कसं. ही व्याख्या पोरं फर्स्ट इयरला पाठ करतात, दोन मार्काला लिहितात आणि सोडून देतात. ती जायकवाडीला लावून बघितली की विषय कळायला सुरुवात होते. तुला तीन वर्षांत येईल ते हेच, समोर दिसणाऱ्या भांडणामागे सत्ता कुठे आहे, नियम काय आहे आणि त्या दोघांत अंतर किती आहे ते मोजता येणं.

आता यातली पहिली अडचण सांगते, कारण ती आपल्या मराठी माध्यमाच्या पोरांनाच येते आणि वर्गात कोणी नीट उलगडून सांगत नाही. ती म्हणजे शब्द. "राज्य" हाच शब्द घे. घटनेचं कलम १ म्हणतं भारत हा राज्यांचा संघ असेल, तिथे राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा. कलम १२ मध्ये पण "राज्य" आहे पण तिथे त्याच्यात संसद येते, विधानमंडळ येतं, आणि तुझी ग्रामपंचायत सुद्धा येते कारण स्थानिक प्राधिकरणं त्यात धरलीत. आणि प्लेटो, हॉब्ज हे विचारवंत शिकताना "राज्य" येतं ते तिसरंच, सत्ता चालवणारी सगळी व्यवस्था, त्याला चांगल्या पुस्तकांत राज्यसंस्था म्हणतात. मी दरवर्षी फर्स्ट इयरला पहिल्या आठवड्यात फळ्यावर हा एकच शब्द लिहिते आणि सांगते याचे जितके अर्थ माहितीत तितके लिहा. शिवाजी महाराजांचं राज्य, निजामाचं राज्य, महाराष्ट्र राज्य, आणि एका पोराने लिहिलं होतं "आमच्या घरात आजीचं राज्य आहे". तो अर्थ पण मी फळ्यावर घेतला, कारण सत्ता फक्त मंत्रालयात नसते हे त्या वाक्यात होतं. सरकार आणि शासन, अधिकार आणि हक्क, सत्ता आणि अधिमान्यता, या जोड्या पहिल्या सहा महिन्यांत पक्क्या कर. सत्ता म्हणजे माझ्या हातात काठी आहे म्हणून तू ऐकतेस, अधिमान्यता म्हणजे काठी नसली तरी माझं ऐकणं योग्य आहे असं तुला वाटतं. हा फरक डोक्यात बसला की निम्मा सिलॅबस सोपा जातो.

निजामाचं राज्य आलंच आहे तर सांगते. सार्वभौमत्व, म्हणजे जिच्या वर कोणी नाही अशी सत्ता, हा धडा सगळीकडे बोदाँ, ऑस्टिन अशी नावं घेऊन शिकवतात आणि पोरं झोपतात. आपल्याकडे तर तो घरात आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी स्वतंत्र भारतात नव्हती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ब्रिटिशांचं अधिराज्य संपलं, आता मी कोणाच्याही खाली नाही असं निजामाचं म्हणणं. त्याचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज, नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने भारताबरोबर एका वर्षाचा जैसे थे करार केला आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेलं. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा लढा, सरहद्दीवरची कॅम्पं, रझाकारांचे अत्याचार, आणि १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई. आता सांग, त्या तेरा महिन्यांत हैदराबाद सार्वभौम होतं का? चलन, फौज, रेल्वे असूनही जनता ते राज्य आपलं मानत नसेल तर त्याला काय म्हणायचं? आणि कारवाईला "पोलीस कारवाई" असंच नाव का दिलं, लष्करी का नाही? (या शेवटच्या प्रश्नावर वर्गात तासभर चर्चा चालते. पोलीस म्हटलं की ते देशाच्या आतलं काम ठरतं, लष्कर म्हटलं की सीमा ओलांडली असा अर्थ निघतो.) तुझ्या घरात, गल्लीत कोणी नव्वदीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बस. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पणजीने सांगितलं होतं, "आमाला काय कळतंय माय, मुलकीत गेलो का जीव वाचायचा, आलो का परत शेत." तिच्या बोलण्यात मुलकी म्हणजे सरहद्दीपलीकडचा इंग्रजी मुलूख. सरहद्द म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्या बाईंच्या वाक्याने जास्त शिकवलं.

दुसरं उदाहरण गावातलंच. तुमचा सरपंच थेट जनतेतून निवडून आलाय ना? २०१७ मध्ये ही पद्धत आणली, २०२० मध्ये दुसरं सरकार आलं त्याने ती काढून पुन्हा सदस्यांनी सरपंच निवडायचा असं केलं, २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा थेट निवडणूक. पाच वर्षांत तीनदा. गावात लोक म्हणतात राजकारण चाललंय, आणि आहेच, ज्या पक्षाला जी पद्धत फायद्याची ती त्याने आणली. पण थांबून बघ, सदस्यांनी निवडलेला सरपंच म्हणजे संसदीय पद्धत झाली, सदस्य मोठ्या संख्येने फिरले की खुर्ची गेली, म्हणून तो सदस्यांना धरून राहतो, कधी कधी सहलीला पण घेऊन जातो. थेट निवडलेला सरपंच म्हणजे अध्यक्षीय पद्धतीच्या जवळचं, त्याला वाटतं मला गावाने निवडलंय, सदस्य कोण विचारणारे. आणि सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्या पॅनलचं असं झालं की मासिक सभेत ठराव अडकतात, अमेरिकेत अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दुसऱ्या पक्षाच्या हातात असली की बजेट अडकतं तसंच. तुलनात्मक राजकारण नावाचा पेपर सेकंड किंवा थर्ड इयरला येईल तेव्हा हे तुझ्या गावावरून लिही. मी पेपर तपासते, शंभर पेपरांत नव्व्याण्णव ठिकाणी गाईडमधली तीच सहा वैशिष्ट्यं त्याच क्रमाने असतात, आणि एखादीने स्वतःच्या ग्रामपंचायतीचं उदाहरण दिलेलं दिसलं की हातातला पेन थांबतो, खरंच थांबतो.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आलाय. बरेच जण तो झेरॉक्सच्या दुकानातून बाइंड करून आणतात, तू तसं करू नकोस. माझ्या एका विद्यार्थिनीने एकच प्रश्न घेतला होता, आमच्या गावात ग्रामसभेला किती लोक येतात. इतका साधा विषय. तिने आधी नियम शोधला, गणपूर्तीला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जी संख्या कमी असेल ती लागते. मग ती सभेला गेली, वहीत टिकमार्क करत मोजले, सत्तेचाळीस लोक, त्यात बायका सहा, त्यातल्या दोन अंगणवाडीच्या आणि एक आशाताई. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. आठ दिवसांनी तहकूब सभा झाली, तिथे अजून कमी लोक आणि सगळे ठराव पास. तिला वाटलं बेकायदेशीर झालं. मग ग्रामसेवकाने सांगितलं की तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही, नियमच तसा आहे. त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली मॅडम, म्हणजे पहिली सभा तहकूब होणं हेच काही जणांच्या सोयीचं आहे की. मी तिला म्हटलं हे वाक्य तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिही. पुढे तिने प्रोसिडिंग बुक बघायला मागितलं, तीन दिवस फिरवलं, मग दाखवलं, त्यात सह्या सभेला मोजलेल्या माणसांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. महिला ग्रामसभा आधी घ्यायची असा नियम आहे, तिची नोंद होती, पण तिच्या आईला, चुलतीला, शेजारणीला कोणालाच अशी सभा झाल्याचं माहीत नव्हतं. ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, ग्रामसभेला घटनेत जागा, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा, हे सगळं पुस्तकात आहे आणि बरोबर आहे. ती पोरगी सत्तेचाळीस टिकमार्क करून आली तेव्हा तिला त्या दुरुस्तीचा अर्थ आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम कळलं.

आता इंग्रजी. घाबरू नको पण टाळू पण नको. बीए मराठीतून कर, उत्तरं मराठीत लिही, विचार मराठीत पक्का होऊ दे. पण प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेचा या विषयाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच येतो, आणि चांगले लेख बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून वाचण्यापुरतं इंग्रजी तीन वर्षांत आलंच पाहिजे. त्याला क्लास नको. भारताचं संविधान इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रती शेजारी ठेव आणि रोज दोन कलमं वाच, इतकंच. वाक्यं अवघड आहेत पण शब्द तेच तेच परत येतात. यात गंमत पण आहे, उद्देशिका तुला शाळेच्या पुस्तकामुळे पाठच आहे, मराठीत आपण "धर्मनिरपेक्ष" म्हणतो, हिंदीच्या अधिकृत प्रतीत "पंथनिरपेक्ष" आहे, इंग्रजीत "सेक्युलर". हे तीन शब्द एकच सांगतात का? १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तो शब्द घातला तेव्हापासून यावर वाद चालू आहे आणि तुला तो फक्त तीन प्रती शेजारी ठेवून हाताला लागतो. सहा महिन्यांनी संविधान सभेतली भाषणं वाचायला घे, इंटरनेटवर फुकट आहेत. सुरुवात २५ नोव्हेंबर १९४९ च्या बाबासाहेबांच्या भाषणापासून कर. २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हे त्यांनी त्यात सांगितलंय. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या मराठवाड्यात मिलिंद कॉलेज उभं केलं. आणि इथल्या मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला पण नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, मध्ये जवळपास सोळा वर्षं गेली आणि त्यात दलित वस्त्यांनी काय सोसलं हे तुझ्या तालुक्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. विधिमंडळात एकमत आणि गावात जाळपोळ, हे एकाच वेळी कसं होतं याचं उत्तर शोधणं हे आपल्या विषयाचं काम आहे आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने ते टाळू नये. अवघड वाटतं, वर्गात सगळ्या समाजाची पोरं असतात, शांतता पसरते. मी तरी शिकवते.

मामाच्या मुद्द्यावर येते. हो, एमपीएससीला उपयोग होतो. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, १७५० गुणांचे लेखी पेपर, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण, आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेता येतो. यूपीएससीला पण तसंच ५०० चं आहे आणि दोन्हीकडे मराठीतून लिहिता येतं. आता लिहून उत्तर द्यायचंय म्हटल्यावर ज्याने तीन वर्षं खरोखर विषय वाचलाय त्याला फायदा आहेच. पण एक सांगते मनापासून, परीक्षेसाठी म्हणून डिग्री ढकलू नको. माझ्या वर्गातली किती तरी हुशार पोरं फर्स्ट इयरलाच संभाजीनगरला, पुण्याला अभ्यासिकेत जाऊन बसली, कॉलेजला फक्त परीक्षेला आली, आणि तिशी गाठेपर्यंत ना पोस्ट ना विषय. जागा किती आणि फॉर्म किती हे बघ, प्रयत्नांची वर्षं आधीच ठरव, घरी सांगून ठरव, आणि डिग्रीची तीन-चार वर्षं विषयाला दे.

आणि नर्सिंग. घरात लगेच पगार यायची गरज असेल, बापावर कर्ज असेल, धाकटी भावंडं असतील तर आई-वडील चुकीचं सांगत नाहीत, नर्सिंगला काम लवकर मिळतं आणि ते मोलाचं काम आहे. राज्यशास्त्राने वयाच्या एकविसाव्या वर्षी नोकरी मिळत नाही हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. प्राध्यापक व्हायचं म्हणशील तर एमए, मग नेट किंवा सेट, आणि त्यानंतर पण वाट बघणं आहे. मी नऊ वर्षं सीएचबीवर काढली, तासावर पैसे, ते पण कधी सहा महिन्यांनी यायचे, एका संस्थेत तर कायम करण्यासाठी जो आकडा सांगितला तेवढी आमची सगळी जमीन विकून पण झाला नसता. मी तिथून निघाले, पुढे दुसरीकडे लागले, पण माझ्या बरोबरीच्या कितीतरी चांगल्या शिक्षकांचं वय त्यातच गेलं. त्यामुळे प्राध्यापकी हा एकच रस्ता धरून बसू नको. बीएनंतर तीन वर्षांचं लॉ हा मुलींसाठी मला फार चांगला रस्ता वाटतो, तालुका कोर्टात बायका वकील अजून कमी आहेत आणि राज्यशास्त्र झालेल्या मुलीला घटना, कायद्याची भाषा नवी नसते. ग्रामविकासात काम करायचं असेल तर तुळजापूरला टिसचं, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, केंद्र आहे, आपल्याच भागात. एमएला केंद्रीय विद्यापीठात जायचं तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा दे, हैदराबाद विद्यापीठ आपल्याला पुण्याइतकंच जवळ आहे, परभणीहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी तिथे, पण आपली पोरं तिकडे जातच नाहीत, कोणी सांगत नाही म्हणून. फी कमी, लायब्ररी मोठी, आणि ज्या राज्याचा आपण पिढ्यान्‌पिढ्या भाग होतो त्याची कागदपत्रं त्याच शहरात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नको. दोन गोष्टी बघ, राज्यशास्त्राला कायम शिक्षक किती आहेत, आणि लायब्ररीत पुस्तक स्वतः कपाटातून काढून बघू देतात का खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते. दुसरी गोष्ट बारीक वाटेल पण माझं निम्मं शिक्षण चुकून हातात आलेल्या पुस्तकांनी झालं. मायनर म्हणून अर्थशास्त्र मिळालं तर घे, आकड्यांची भीती मोडते. इतिहास पण चालेल.

फॉर्म भरायला अजून दिवस आहेत. तोवर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली का बघून ये, लागली असेल तर फोटो काढ, तारीख, वेळ, विषय सगळं दिसेल असा. सभेला आईला सोबत घेऊन जा, मागे बसून मोज आणि किती जण आले ते मला कळव.